सुतक एका पायाचे

पीपलरावां गावचे एक गृहस्थ परवा मला शोधत देवळात आले. त्यांच्या भावाच्या पायावरून मालाची लॉरी गेली होती आणि डॉक्टर पाय काढायचा म्हणत होते. गृहस्थांनी मला दोन गोष्टी विचारल्या. पाय कापल्यावर माणूस किती रडतो, ही एक. लॉरीवाल्या शेठचा मुनीम कागद घेऊन खाटेपाशी बसला आहे, त्यावर सही द्यावी का, ही दुसरी. मी दुसरीचे उत्तर आधी दिले. सही देऊ नका, मुनीमाला चहा पाजा आणि वाटेला लावा. पहिलीचे उत्तर उभ्याउभ्या देण्याजोगे नव्हते म्हणून ते इथे लिहितो. उभ्याउभ्या मला तसेही आता फारसे काही जमत नाही.

रस्त्यात

आमचे पूर्वज सरकारस्वारीबरोबर देशावरून माळव्यात आले आणि देवासला राहिले. आळीतल्या नृसिंहाच्या देवळाची पूजा आमच्याकडे आहे. घरे दोन, एक आमचे आणि एक माझा चुलतभाऊ बापूदादा याचे. एक वर्ष त्याची पाळी, एक वर्ष आमची. लॉरी आली ते वर्ष आमचे होते.

देवासात गाद्या दोन. रस्त्याची एक बाजू थोरल्या पातीची, समोरची धाकट्या पातीची. आमचे देऊळ धाकट्या पातीत आणि देवाच्या स्नानाची विहीर समोर थोरल्या पातीत. म्हणजे रोज सकाळी मी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाणी आणायला जात असे, तेही अनवाणी, सोवळे नेसून, खांद्यावर कळशी घेऊन. कुणी मला अडवले नाही आणि कुणी शिवलेही नाही. सोवळ्यातल्या पुजाऱ्याला वाट करून द्यायची हे आळीतल्या गाईम्हशींनाही ठाऊक होते.

लॉरीला ठाऊक नव्हते. महायुद्ध संपल्यावर पलटणींच्या जुन्या लॉऱ्या विकायला निघाल्या, त्यातली एक आमच्याकडच्या जिनिंगवाल्या शेठने घेतली. तोवर कापसाच्या गाठी बैलगाड्यांतून इंदूरच्या स्टेशनात जात. बैलगाडीचे एक बरे असते, बैलाला समोरचा माणूस दिसतो. त्या सकाळी गाठींनी भरलेली लॉरी चढावर थांबली आणि थांबता थांबता मागे सरकू लागली. मी भरली कळशी घेऊन रस्त्याच्या मध्यावर होतो. मागे वळून पाहीपर्यंत डावे पाऊल चाकाखाली गेले होते.

दुकानांतून माणसे धावली. आणि मी काय ओरडलो असेन? "शिवू नका, सोवळ्यात आहे मी." आमच्या आळीची माणसे श्रद्धाळू. ती खरोखरच थांबली. हात पुढे केलेले, कमरेत वाकलेली, तशीच थांबली. कळशीचे पाणी आणि माझे रक्त एकत्र वाहत होते आणि मी सोवळे सांभाळत होतो. आज हसू येते, पण त्या घटकेला मला पायापेक्षा तेच मोठे वाटत होते.

तेवढ्यात लॉरीचा ड्रायव्हर करीम उडी टाकून खाली आला. तो पलटणीत लॉरी चालवून आलेला माणूस, त्याने असे पाय पुष्कळ पाहिले असावेत. त्याने डोक्याचा साफा सोडला, माझ्या मांडीला करकचून आवळला आणि मला उचलले. मी त्यालाही शिवू नको म्हणालो.

"पंडतजी, बाद में नहा लेना," तो म्हणाला.

डॉक्टर बोलले तो दिवस

पाऊल वाचेल असे पहिले काही दिवस सगळेच म्हणत होते. म्हणताना माझ्याकडे पाहत मात्र नव्हते. मग एके सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली, वाकून वास घेतला आणि परिचारकाला बाहेर पाठवले. तेव्हाच मी समजलो.

डॉक्टर कमी बोलणारे. म्हणाले, पाऊल गेलेलेच आहे, आता ते तुम्हाला बरोबर घेऊन जायला निघाले आहे. घोट्याच्या वर कापावे लागेल. उद्या कापले तर गुडघा राहील, थांबलात तर त्याचीही खात्री नाही.

मी नको म्हणालो. मरणाची भीती वाटत नव्हती असे नाही, फार वाटत होती. पण आमच्याकडे रूढी अशी की ज्याचे अंग पुरते नाही त्याने मूर्तीला हात लावू नये. पाऊल गेले म्हणजे पूजा गेली. मला दुसरे काही येत नव्हते आणि येऊ नये असेच मला वाटत आले होते. पहाटे गाभाऱ्याचे दार उघडले की आतून जो कापूर, ओले चंदन आणि जुन्या दगडाचा गारवा येतो, त्याच्याशिवाय दिवस सुरू कसा करायचा हे मला माहीत नव्हते. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

माझी बायको सगुणा धारची. माहेरी सगळे मोठ्याने बोलणारे, म्हणून की काय ती हळू बोलते. ती खाटेपाशी बसली आणि बराच वेळ पदराची कड दुमडत राहिली.

"तुमचा देव तरी कुठं पुरता माणूस आहे?" ती म्हणाली. "अर्धा सिंह आहे. त्याला चालतं. मला तुम्ही जेवढे उराल तेवढे चालाल."

यावर शास्त्रात उत्तर असेल. मी डॉक्टरांना हो सांगितले.

दवाखान्यात

क्लोरोफॉर्मचा वास गोडसर असतो, एवढे सांगून ठेवतो, म्हणजे ज्याला घ्यायचा आहे तो दचकणार नाही. आकडे मोजा म्हणतात. मी आकडे न मोजता स्तोत्र म्हणायला लागलो आणि तिसऱ्या ओळीत हरवलो. शुद्धीवर आलो तेव्हा तीच ओळ तोंडात होती.

दवाखान्याचा दिवस लवकर सुरू होतो. आधी फरशीवर फिनेलचे पाणी, मग ताप पाहणारा, मग पट्टी. पट्टीची वेळ आली की मला विनोद सुचत. परिचारकाला मी इतके हसवले आहे की डॉक्टर एकदा डोकावून गेले. भीती वाटली की मी असाच बोलत सुटतो. पट्टी झाली की तोंड आपोआप बंद होई.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. गेलेले पाऊल खाजते. अंगठा खाजतो, टाच ठणकते, आणि पांघरूण उचलावे तर तिथे चादर. मला वेड लागले असे वाटून मी दोन दिवस कुणाला बोललो नाही. मग सगुणेला सांगितले. ती घाबरली नाही, हसलीही नाही. तिने विचारले, "कुठं खाजतं, नेमकं सांगा." मी जागा दाखवली. पाऊल असते तर जिथे आले असते तिथे, गादीवर, ती बोटांनी खाजवू लागली. बरे वाटले. खोटे सांगत नाही, खरोखर बरे वाटले. डॉक्टरांनाही त्याचे कारण सांगता आले नाही.

रडण्याचे विचारले म्हणून सांगतो. मी दवाखान्यात रडलो नाही. रडू आले ते घरी. न्हाणीतून कुबड्यांवर बाहेर आलो आणि सहज मागे पाहिले, तर फरशीवर एकाच पायाचे ओले ठसे आले होते. मी तिथेच भिंतीला टेकून पोटभर रडून घेतले. सगुणा पाट घेऊन आली, पाट टेकवून निघून गेली. आपल्या माणसाला केव्हा एकटे सोडावे हे कळणे फार मोठे आहे.

आईने धरलेले सुतक

आता आईविषयी. कापलेल्या पावलाचे काय करायचे असा प्रश्न निघाला तेव्हा मी गुंगीत होतो. बापूदादाने पुढे होऊन ते पांढऱ्या फडक्यात बांधून घेतले, क्षिप्रेच्या काठी नेले आणि पुरले. हे काम त्याने केले, हे मी विसरलेलो नाही.

तो परत येऊन घरी सांगता झाला. आईने ऐकले, उठली, डोक्यावरून पाणी घेतले आणि कोपऱ्यात वेगळी बसली. सुतक धरले. पावलाचे. सगुणा म्हणाली, सासूबाई, माणूस जिवंत आहे, असे अभद्र काय करता. आई म्हणाली, माणूस आहे, पण जे गेले तेही माझ्याच पोटातून आले होते, त्याला मी केराबरोबर गेले म्हणू का. दहा दिवस तिने गोड खाल्ले नाही आणि देवाला हात लावला नाही.

सुतकाच्या घराने देवाला शिवायचे नसते. पण पाळीचे वर्ष आमचे. म्हणून आईनेच बापूदादाकडे निरोप धाडला की दहा दिवस पूजा तू सांभाळ. त्याने सांभाळली. दहा दिवसांनी सुतक फिटले, आई न्हाली, मी घरी आलो. पूजा मात्र परत आली नाही.

मी निरोप पाठवला तेव्हा बापूदादा स्वतः भेटायला आला. नजर जमिनीकडे. म्हणाला, विष्णू, मी माझ्या मनाचे काही करत नाही. काकूंनीच सुतक धरले, म्हणजे अंगाचा एक भाग मेला हे तुमच्याच घराने मानले. असा माणूस गाभाऱ्यात कसा जाईल? यापुढे दोन्ही वर्षे माझीच.

बापूदादा वाईट माणूस नाही. मी दवाखान्यात असताना आमच्या घरचे सरपण त्याने फोडून दिले आहे. पण एकदा गाभाऱ्याची किल्ली कमरेला लागली की ती सोडवत नाही, हे माझ्याइतके कुणाला कळणार?

मुनीम आणि वकील

शेठचा मुनीम डाळिंबे घेऊन दवाखान्यात आला होता. बरोबर एक कागद. त्याचा मतलब असा की चूक ड्रायव्हरची, शेठचा काही संबंध नाही, तरी ते भूतदयेने थोडे देत आहेत, आणि पुजाऱ्याची यापुढे काही तक्रार नाही. मुनीम गोड बोलत होता. करीमचे नाव घ्या, तो तुरुंगात जाईल, तुमचेही मन शांत होईल. मी सही केली नाही. करीमचा साफा माझ्या रक्ताने खराब झाला होता आणि हा गृहस्थ जोडे घालून माझ्या खाटेला टेकला होता, त्यामुळे ठरवणे सोपे गेले.

आळीतल्या वकिलांनी दावा चालवायला घेतला. त्यांनी मला समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. माल ज्याचा, फायदा ज्याचा, जबाबदारी त्याची. नोकर मालकाच्या कामावर असताना जे करतो ते मालकाने केल्यासारखे. आणि गाडीतला दोष मालकाला आधीच ठाऊक असेल तर मग बोलायलाच नको. मी थोरल्या पातीच्या हद्दीत पडलो की धाकट्या, हे त्यांनी आधी ठरवून घेतले. पाऊल थोरल्या पातीत आणि कळशी धाकट्या पातीत, असे निघाले. दावा पावलाच्या मागे गेला.

मग ते म्हणाले, भरपाई नीट मिळायला हवी तर तुम्ही कोर्टात एवढे सांगायचे, की मी आता पूजा करायला निकामी झालो, माझा धंदा बुडाला.

हे वाक्य कोर्टात बोललो तर भरपाई मिळणार होती. आणि तेच वाक्य बापूदादा जन्मभर माझ्यापुढे धरणार होता. त्याने ऐकायला येतो असे कळवलेही होते.

घरात दोन तट पडले. सगुणा म्हणे, सांगून टाका, पूजा तशीही गेलीच आहे, निदान घर तरी चालेल. आई म्हणे, निकामी हा शब्द माझ्या मुलाने स्वतःच्या तोंडाने काढायचा नाही. दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. ताटात भात पडे तोही मुकाट्याने. आजारी माणसाला वाटते, दुखणे आपले एकट्याचे. तसे नसते. माझा पाय गेला आणि दोन बायका घरात लंगडू लागल्या.

कोर्टात

करीमला शेठने केव्हाच काढून टाकले होते. तो उज्जैनकडे कुठे लाकडे वाहत होता. तो येईल असे मला वाटले नव्हते, कारण साक्ष देऊन त्याला मिळायचे काहीच नव्हते, पुढे कुणी शेठ गाडी देणार नाही ही भीती मात्र होती. तो आला. नवा साफा बांधून आला.

"मैंने शेठ को पहले ही बोला था, बिरेक पकड़ती नहीं है," त्याने सांगितले. "शेठ बोले, सीजन निकल जाने दे, फिर देखेंगे।"

शेठच्या वकिलांनी त्याला फिरवून फिरवून विचारले. तो तेच सांगत राहिला. उतरताना माझ्याजवळून गेला तेव्हा हळूच म्हणाला, "नहा लिए न, पंडतजी?" मी हो म्हणालो.

मग माझी पाळी. शेठचे वकील हसतमुख होते.

"पुजारीबुवा, पूजा बसून करतात ना?"

मी होय म्हणालो.

"मग पाय गेल्यानं तुमचं काय गेलं? पूजा करता येते की नाही, एवढंच सांगा."

येते म्हटले तर दावा बुडाला, येत नाही म्हटले तर गाभारा. आमचे वकील मान हलवून मला खुणावत होते. मागच्या बाकावर बापूदादा पुढे झुकून बसला होता. मला त्याच्याकडे पाहून राग आला नाही, त्याच्याही तोंडचे पाणी पळालेले दिसत होते.

"पूजा येते," मी म्हणालो. "आज बसवलंत तर आज करीन. पण साहेब, पाय देवाचा नव्हता. माझा होता."

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी लिहून घेतले आणि ते पाणी प्याले.

निकाल लागला तो आमच्या बाजूने. लॉरी शेठची, काम शेठचे, दोष शेठला ठाऊक होता, म्हणून जबाबदारीही शेठची. ड्रायव्हरवर ढकलून मालकाला मोकळे होता येणार नाही, असे त्यात स्पष्ट होते. भरपाई वकिलांनी मागितली होती त्याहून बरीच कमी मिळाली, कारण मी निकामी झालो नव्हतो. वकील काही दिवस रस्ता बदलून जात. पण पीपलरावांच्या गृहस्थांसारख्यांना मी हे मुद्दाम सांगतो. मुनीम म्हणतो म्हणून तुमचा हक्क संपत नाही, आणि हक्क मागायला आपण कवडीमोलाचे झालो असे सांगावे लागत नाही. थोडे कमी मिळते, एवढेच.

गाभारा

दाव्याचे मिटले, पूजेचे राहिले. आळीतली वडीलधारी मंडळी देवळाच्या मंडपात जमली. बायका खांबाआड बसल्या. बापूदादाने आपली बाजू पुन्हा मांडली. कोर्टात विष्णू काहीही सांगेल, पण सुतक काकूंनी धरले हे साऱ्या आळीने पाहिले आहे. मेलेले ते मेले. एकदोघांनी माना डोलावल्या.

खांबाआडून आई उठली. चारचौघांत ती कधी बोलत नसे. मंडळींकडे नाही, बापूदादाकडेच पाहून बोलली.

"बापू, सुतक कुणाकुणाला येतं?"

"घरच्यांना," बापूदादा म्हणाला. मग जरा थांबून, "भाऊबंदांना."

"तू माझ्या सख्ख्या दिराचा मुलगा. पाऊल मेलं म्हणतोस, तर ते दहा दिवस तुलाही सुतक होतं. देवाला कसा शिवलास?"

एवढी सगळी पूजाअर्चा करणारी माणसे, उभा जन्म सोयरसुतक पाळण्यात गेलेला, आणि ही साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. माझ्याही नाही.

"आणि मेलं नव्हतं म्हणत असशील," आई म्हणाली, "तर माझ्या मुलाची पाळी कशापायी अडवून बसलास?"

बापूदादाने कमरेची किल्ली काढली आणि मंडळींच्या पुढ्यात ठेवली. मंडळींतले सर्वांत वृद्ध होते ते एवढेच म्हणाले की रूढी आपल्या जागी आहे, पण देवाने याला ठेवले आहे तर आपण कशाला काढायचे. आईने हे आधीपासून मनात धरले होते का, असे मी तिला पुढे अनेकदा विचारले. ती म्हणते, मला मेलीला कुठले शास्त्र कळते.

धारला माझ्या मेहुण्याने एका जुन्या सुताराकडून लाकडी पाऊल करवून आणले. चामडे देवळात चालत नाही म्हणून त्याने पट्टे खाटेच्या सुती नवारीचे लावले. ते घालून मी सकाळी देवळात गेलो. विहिरीवरून पाणी आणणे मला शक्य नव्हते. बापूदादा सोवळे नेसून, रस्ता ओलांडून, कळशी भरून आला. मी त्याला सांगितले नव्हते.

पण लाकडी पाऊल रस्त्यावरून चालत आलेले, ते गाभाऱ्यात न्यावेसे वाटेना. ते मी मंडपात सोडून ठेवले. कुबड्याही ठेवल्या. गाभाऱ्याचा उंबरा गुडघाभर उंच आहे. लहानपणापासून तो मी किती सहज ओलांडला असेन. त्या सकाळी मी एका पायावर, चौकट धरून, त्याच्यापुढे उभा राहिलो. आत कापूर होता, ओले चंदन होते, दगडाचा गारवा होता. पाऊल पुढे टाकायला पाऊल नव्हते. मागे बापूदादा कळशी घेऊन उभा होता. मी सोवळ्यात, तो सोवळ्यात, आणि तरी त्याने हात पुढे केला नाही. रस्त्यातले माझे ओरडणे त्यानेही ऐकले असावे.

"बापूदादा," मी म्हणालो, "शिव मला."

त्याने कळशी खाली ठेवली आणि मला दोन्ही हातांनी उचलून देवापुढे बसवले.